परमुलखातील देवदर्शन आणि वस्त्रमर्यादा

पंढरपुरी श्रीविठ्ठलाच्या पूजोपचारांत ऋतुमानाला मोठे स्थान आहे. गुढीपाडव्यापासून मृग नक्षत्र लागेपर्यंत, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, श्रींच्या अंगाला चंदनाची उटी लावली जाते. थंडी पडली की कानपट्टी आणि उबदार वस्त्रे चढविली जातात. देवाला ऊन-थंडी बाधते काय, असा प्रश्न रांगेत उभा असलेला वारकरी विचारीत नाही. ज्या मूर्तीवर जीव जडला आहे तिला उकडत असेल, एवढी कल्पनाच त्याला पुरेशी असते.

हाच भाव समुद्रापलीकडे, बँकॉक नगरीतही पाहावयास मिळतो. तेथील राजवाड्याच्या आवारात, १७८२ साली नगरीबरोबरच उभारणीस आरंभ झालेल्या मंदिरात, हिरव्या पाषाणाची प्रख्यात बुद्धमूर्ती आहे. या मूर्तीला उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा असे तीन सुवर्णाचे वेष आहेत. ऋतू पालटला की थायलंडचे राजे स्वतः विधिपूर्वक मूर्तीचा वेष बदलतात. पहिल्या राम राजाने उन्हाळ्याचा आणि पावसाळ्याचा असे दोनच वेष करविले होते. थंडीचा तिसरा वेष तिसऱ्या राम राजाच्या काळात आला.

याच आवाराच्या दाराशी महाराष्ट्रातून गेलेल्या यात्रेकरूंची मात्र अनेकदा पंचाईत होते. शाळांच्या सुट्ट्या एप्रिल-मे महिन्यांत पडतात, म्हणून सहलीही त्याच वेळी निघतात. आणि थायलंड व कंबोडिया येथे वर्षातील सर्वांत कडक उन्हाळा नेमका एप्रिलचा असतो. घामाने चिंब झालेले गृहस्थ अर्ध्या विजारीत दाराशी येतात, मुलीच्या अंगात बिनबाह्यांचा झगा असतो, आणि रक्षक नम्रपणे पण ठामपणे हाताने नकार दर्शवितो. सोबतची नऊवारीतील आजी तेवढी विनाअडथळा आत जाते. बाहेर राहिलेल्या कर्त्या पुरुषाच्या तोंडून त्या वेळी जो उद्गार निघतो, त्यात थकव्याइतकाच एक प्रामाणिक प्रश्नही असतो: देवाला कपड्यांशी काय करावयाचे आहे?

हा प्रश्न उडवून लावण्याजोगा नाही. ‘भाव तेथे देव’ हे वचन ज्या भूमीत घरोघरी बोलले जाते, त्या भूमीतील माणसाने तो विचारणे अगदी स्वाभाविक आहे. संतांनी वारंवार सांगितले ते हेच की, बाहेरच्या वेषाने अंतरीचा देव प्रसन्न होत नाही. टिळे, माळा आणि भगवी वस्त्रे यांच्या आड दंभ लपू शकतो. श्रीचोखोबांना महाद्वाराच्या आत प्रवेश नव्हता, तरी त्यांची भक्ती कोठे उणी पडली असे कोणी म्हणणार नाही. मग अंतर्यामीचा भाव पाहणाऱ्या परमेश्वराच्या दाराशी गुडघे झाकले आहेत की नाहीत, याची तपासणी का व्हावी?

या आक्षेपात एक गृहीत धरलेली गोष्ट आहे. वस्त्राचा नियम देवासाठी केलेला आहे, असे त्यात मानलेले आहे. निरनिराळ्या देशांतील देवस्थानांचे नियम शेजारी शेजारी ठेवून पाहिले की हे गृहीत टिकत नाही.

श्रीलंकेचेच उदाहरण घ्यावे. कँडी येथील दंतधातूच्या मंदिरात जाणाऱ्याने खांदे व गुडघे झाकावेत, टोपी व पादत्राणे काढावीत असा दंडक आहे; तेथील उपासक शुभ्र वस्त्रे परिधान करून येतात. त्याच बेटाच्या उत्तर टोकाला, जाफना येथे, नल्लूरचे श्रीकंदस्वामींचे कोविल आहे. तेथे पुरुषांनी सदरा काढून, उघड्या अंगानेच आत जावयाचे असते. म्हणजे दोन दिवसांच्या अंतराने एकच यात्रेकरू एका दारात खांदा झाकला म्हणून योग्य ठरतो आणि दुसऱ्या दारात तोच खांदा उघडा केला म्हणून. गुरुद्वारात मस्तक झाकल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. रोममधील सेंट पीटर चर्चमध्ये पुरुषाने टोपी काढावी अशी अपेक्षा असते. खांद्यात वा मस्तकात स्वतःचे असे पावित्र्य वा अपावित्र्य असते तर हे घडते ना. वस्त्र ही एक भाषा आहे. एका भाषेत आदरार्थी असलेला शब्द दुसऱ्या भाषेत अपशब्द ठरू शकतो. त्यात शब्दाचा दोष नाही आणि भाषेचाही नाही.

महाराष्ट्रातील भाविकाला तर हे सहज उमगावे. वेरूळच्या श्रीघृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात जाताना पुरुष सदरा काढून ठेवतात आणि त्यात कोणाला संकोच वाटत नाही. तोच पुरुष उघड्या अंगाने बाजारात हिंडू लागला तर लोक वळून पाहतील. घरातील देवपूजेला बसणाऱ्याचे सोवळेही असेच. रेशमी मुकटा असेल, धाबळी असेल, किंवा धुऊन उंच दांडीवर कोणाचा स्पर्श न होता वाळविलेले धोतर असेल. त्यात अंग किती झाकले हा प्रश्नच नसतो, वस्त्र शुद्ध आहे की नाही एवढेच पाहिले जाते. याउलट वडीलधाऱ्यांसमोर डोक्यावरून पदर घेणाऱ्या सासुरवाशिणीच्या मनात शुद्धतेचा विचार नसतो, मर्यादेचा असतो. दोहोंची मुळे निराळी.

परदेशातील देवस्थानांच्या फलकांवर ही निरनिराळ्या मुळांची बंधने एकाखाली एक लिहिलेली असतात, म्हणून घोटाळा होतो. काठमांडूच्या श्रीपशुपतिनाथांच्या मुख्य प्रांगणात चामड्याची वस्तू नेता येत नाही. हा शुचितेचा नियम आहे. कमरेचा पट्टा आणि पैशांचे पाकीट यांचा विसर पडून कित्येक भाविक दारातून परत फिरतात, त्यांनी कितीही मर्यादशील पोशाख केलेला असो. बँकॉकचा गुडघ्यांचा नियम मर्यादेचा आहे. कँडीतील पांढरा रंग हे उपासकाच्या साधेपणाचे चिन्ह आहे. बाली बेटावरील मंदिरांत सारोंग नेसून त्यावर कमरेला एक शेला बांधावा लागतो. अर्धी विजार आधीच गुडघ्याखाली पोहोचत असली तरी शेला सुटत नाही, कारण तो अंग झाकण्यासाठी नसतोच. कमरेखालच्या वासना आणि वरचे मन यांच्यामध्ये तो बांध आहे, असे तेथील लोक सांगतात. ज्याला नियमाचे मूळ कळले त्याला नियम जाचत नाही. निदान कमी जाचतो.

आता या विचारातील सर्वांत अवघड स्थळाकडे, कंबोडियातील अंगकोर वाट या महामंदिराकडे वळावे. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात दुसऱ्या सूर्यवर्मन राजाने ते श्रीविष्णूसाठी बांधले. पुढे ते बौद्ध उपासनास्थान झाले आणि आजही तेथे भिक्षू येतात, उदबत्त्या लागतात. मंदिराच्या भिंतींवर शेकडो देवता आणि अप्सरा कोरलेल्या आहेत. मस्तकी उंच मुकुट, गळ्यात हार, कमरेला चुणीदार वस्त्र, आणि कमरेच्या वर अलंकारांवाचून काही नाही. १२९६ साली अंगकोरला आलेला चिनी राजदूत चौ ता-क्वान याने आपल्या वृत्तान्तात नोंदविले आहे की, राजापासून प्रजेपर्यंत स्त्री-पुरुष केसांचा बुचडा बांधतात, कमरेला एक वस्त्र गुंडाळतात आणि वरचे अंग उघडे ठेवतात. त्या उष्ण व दमट हवेत हा वेष किती सोयीचा असेल, हे एप्रिलच्या दुपारी तेथे उभ्या राहिलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

आणि त्याच मंदिराच्या बाकान नावाच्या सर्वांत वरच्या चौकात जाणाऱ्या प्रवाशाला आज खांदे आणि गुडघे झाकावेच लागतात. नुसती ओढणी खांद्यावर टाकून भागत नाही. बाह्या असलेला सदराच अंगात हवा. टोपीही काढावी लागते. २०१५ च्या आरंभी काही परदेशी प्रवाशांनी अंगकोरच्या मंदिरांत विवस्त्र छायाचित्रे काढली. त्यांना पकडून देशाबाहेर घालविण्यात आले, त्याच वर्षी प्रवाशांसाठी आचारसंहिता प्रसिद्ध झाली आणि २०१६ पासून वेषाचा नियम कडक करण्यात आला. प्रवासी विचारू शकतो, आणि विचारतातही, की भिंतीवरच्या देवता ज्या वेषात आठशे-नऊशे वर्षे उभ्या आहेत, त्याहून अधिक वस्त्रे अंगावर असूनही माणसाला का अडवावे?

युक्तिवाद चतुर आहे. पण तो दगडाशी बोलतो, माणसाशी नाही. ज्यांनी त्या मूर्ती घडविल्या ते लोक आता नाहीत. आज तेथे गुडघे टेकणारी म्हातारी कंबोडियन स्त्री आहे. तिची आदराची भाषा तिच्या आजी-पणजीकडून तिला मिळाली आहे आणि त्या भाषेत उघडा खांदा हा अनादर आहे. ती भाषा आठ शतकांपूर्वी निराळी होती, हे खरे. ज्ञानेश्वरकालीन मराठीही आजच्याहून निराळी होती, म्हणून आज कोणाच्या घरी जाऊन त्या काळचे शब्द योजणे हे सौजन्य ठरत नाही. देवस्थान म्हणजे नुसती वास्तू नव्हे. आज तेथे जे हात जोडतात, त्यांचे ते घर आहे. नियम त्यांचा असतो, देवाचा नसतो. आणि म्हणूनच तो पाळावयाचा असतो. देवाने क्षमा केली असती. माणसाला मात्र ते लागते.

ते किती लागते, याची एक साक्ष ब्रह्मदेशाच्या इतिहासात आहे. लोकमान्य टिळकांनी १९०८ ते १९१४ अशी सहा वर्षे मंडालेच्या तुरुंगात काढली आणि तेथेच ‘गीतारहस्य’ लिहिले, हे महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. त्याच मंडालेत, लोकमान्य सुटून आल्यानंतर पाच वर्षांनी, एक प्रसंग घडला. ब्रह्मदेशात पॅगोडाच्या आवारात कोणीही पादत्राणे घालून जात नाही. इंग्रज अधिकारी आणि युरोपीय प्रवासी मात्र बूट घालूनच जात. बूट काढणे त्यांना मानहानीचे वाटे. काही वर्षे ब्रह्मी लोकांनी सभा भरवून, अर्ज करून याचा निषेध केला. अखेर १९१९ साली मंडालेच्या एका पॅगोडात बूट घालून आलेल्या युरोपीय मंडळींना भिक्षूंनी बळाने बाहेर काढले आणि त्यांतील एका भिक्षूला जन्मठेपेची शिक्षा झाली. पुढे सरकारला मान्य करावे लागले की, आपल्या आवारात काय घालावे आणि काय काढावे हे तेथील प्रमुख भिक्षूंनी ठरवावे.

बुटांचा जोड तो केवढा, आणि त्याची किंमत केवढी! त्या गोऱ्या प्रवाशांना ऊन लागत होते किंवा फरशी तापली होती, असे कारण नव्हते. ज्याच्या पाठीशी सत्ता आहे त्याने दुसऱ्याच्या घरात वाकण्याचे कारण काय, एवढाच तो हट्ट होता. आज परदेशी जाणाऱ्या मराठी यात्रेकरूच्या पाठीशी सैन्य नसते, पण खिशात तिकिटाचे पैसे असतात. आणि पैसे भरले म्हणजे वाकण्याचे कारण उरत नाही, असे वाटण्याचा मोह त्यालाही होतो. अर्ध्या विजारीतला गृहस्थ रक्षकाशी हुज्जत घालताना बहुधा प्रवेशशुल्काचाच दाखला देतो.

यावर कोणी म्हणेल की, मनात श्रद्धा नसताना केवळ दुसऱ्याला बरे वाटावे म्हणून वेष पालटणे हाच दंभ झाला. तसे नाही. ज्या घरात मृत्यू घडला आहे तेथे भरजरी शालू नेसून कोणी जात नाही. गेलेला माणूस आपल्या परिचयाचा असो वा नसो, स्वतःच्या मनात दुःख असो वा नसो, स्त्री साधे पातळ नेसूनच समाचाराला जाते. त्यात ती खोटे बोलत नसते. त्या घरातल्यांचे दुःख खरे आहे, एवढेच ती आपल्या साध्या वस्त्राने मान्य करते. दुसऱ्याच्या मंदिरात सारोंग गुंडाळणारा माणूसही आपण त्या देवाचे भक्त झालो असे जाहीर करीत नाही. इतरांची भक्ती खरी आहे, इतके तो कबूल करतो.

येथवर सौजन्याचा विचार झाला. परंतु उन्हाचा प्रश्न निराळा आहे, कारण ऊन सौजन्य जाणत नाही. शरीर हे धर्माचे पहिले साधन आहे, असे वचन प्रसिद्धच आहे. आणि परदेशी उन्हात चक्कर येऊन पडलेला वृद्ध यात्रेकरू कोणत्याही मर्यादेचे पालन करीत नाही, तो फक्त संकटात असतो. सुदैवाने मर्यादा आणि प्रकृती यांच्यात वाटते तेवढे वैर नाही. उकडते म्हणून कपडे कमी करावेत, ही समजूत सावलीपुरती ठीक आहे. भर उन्हात उघडी कातडी थेट तापते आणि भाजते. सैल, पातळ, पूर्ण बाह्यांचे सुती वस्त्र तिच्यावर छत्रीसारखे राहते आणि आतून वारा खेळतो. अरबस्तानातील वाळवंटी लोक पायघोळ झगे का घालतात, याचे कोडे त्यातच उलगडते. सिनाईच्या वाळवंटातील बेदुइन लोकांच्या काळ्या झग्यांचा अभ्यास १९८० साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. काळे वस्त्र ऊन अधिक शोषते खरे, पण झगा सैल असल्याने ती अधिकची उष्णता अंगापर्यंत पोहोचण्याआधीच वाऱ्याबरोबर निघून जाते, असे त्यात आढळले. वस्त्राच्या रंगापेक्षा त्याचा सैलपणा मोलाचा ठरला.

मात्र वाळवंटाची कोरडी हवा आणि बँकॉक, कोलंबो, बाली येथील दमट हवा यांत भेद करावा लागतो. कोरड्या हवेत घाम लगेच वाळतो आणि अंग निवते. दमट हवेत तो वाळतच नाही, नुसता ओघळतो. तेथे नायलॉनसारखे अंगाला चिकटणारे कापड म्हणजे शिक्षा होय. धुवट सुती सदरा आणि सैल पायजमा, स्त्रियांसाठी सुती साडी किंवा पूर्ण बाह्यांचा सलवार-कमीज, एवढ्यावर बहुतेक सर्व देशांतील देवस्थाने पाहून होतात. साडीविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. बौद्ध आणि हिंदू मंदिरांत तिचा सर्वत्र मान राखला जातो. परंतु मस्कत येथील सुलतान काबूस मशिदीसारख्या ठिकाणी स्त्रियांचे हात मनगटापर्यंत आणि केस पूर्ण झाकलेले लागतात, तेथे आखूड बाह्यांच्या पोलक्यावर पदर कितीही सावरून घेतला तरी तो पुरत नाही. अनवाणी चालण्याचाही विचार आधी करावा. दुपारी बारानंतरची फरशी पायांना फोड आणते. शक्य तेथे दर्शन सकाळी लवकर उरकावे. म्यानमारमध्ये पादत्राणांबरोबर मोजेही काढावे लागतात, तेव्हा मोज्यांचा भरवसा धरू नये.

वृद्धांच्या बाबतीत नियमाआधी प्रकृती पाहावी, हे निःसंकोच सांगितले पाहिजे. वय वाढले की तहान उशिरा लागते आणि घामही कमी येतो; रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी औषधे घेणाऱ्यांच्या अंगातील पाणी लवकर उतरते. त्यातच दर्शन होईपर्यंत पाणीही न घेण्याचा नेम अनेक माता-भगिनी परदेशातही पाळतात. घरच्या गावी, ओळखीच्या हवेत निभावणारा हा नेम अडतीस-चाळीस अंशांच्या परक्या हवेत जिवावर बेतू शकतो. असंबद्ध बोलणे, अंग तापून घाम थांबणे, पाय लटपटणे अशी चिन्हे दिसताच त्या व्यक्तीला सावलीत न्यावे, वस्त्रे सैल करावीत, पाण्याने अंग भिजवून वारा घालावा आणि वैद्यकीय मदत बोलवावी. त्या क्षणी खांदा उघडा पडला म्हणून रागावणारे देवस्थान कोठेही नसेल. आणि असलेच, तर त्या रागाची पर्वा करू नये. ज्या भक्ताने देवाला चंदनाची उटी लावली, त्याने शेजारच्या म्हाताऱ्या जिवाला तापू देणे हे त्या उटीशी सुसंगत नव्हे.

यजमानाच्या बाजूनेही असा विचार झालेला दिसतो. अबुधाबी येथे १४ फेब्रुवारी २०२४ रोजी स्वामीनारायण संप्रदायाच्या भव्य हिंदू मंदिराचे उद्घाटन झाले. आखातात नोकरी-व्यवसायासाठी राहणाऱ्या असंख्य मराठी कुटुंबांचे ते आता नेहमीचे दर्शनस्थान आहे. तेथे मानेपासून कोपरापर्यंत आणि घोट्यापर्यंत अंग झाकलेले असावे, वस्त्रे तंग वा पारदर्शक नसावीत असे सांगितले जाते. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांच्या घरात जाणाऱ्या त्या प्रदेशात हे मागणे लहान नाही. परंतु ज्यांनी हे मागितले त्यांनीच आवारात उष्णता कमी धरणाऱ्या फरश्या बसविल्या, जेणेकरून अनवाणी भाविकाचे पाय भाजू नयेत. मागणाऱ्याने आधी स्वतः काही दिले, की नियमाचा स्वर बदलतो. एकाच दिवशी हे मंदिर आणि त्याच शहरातील शेख झायेद मशीद पाहणाऱ्या कुटुंबाला वेष फारसा बदलावा लागत नाही, हीदेखील ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. बाह्या मनगटापर्यंत असल्या, तर स्त्रियांनी एक ओढणी डोक्यावर घेतली की पुरते.

तरीही प्रत्येक नियम केवळ तो नियम आहे म्हणून वंदनीय मानावा काय? येथे सावध राहिले पाहिजे. वस्त्राच्या नावाखाली माणसाचा अपमान करण्याचाही इतिहास आहे. त्रावणकोर संस्थानात नाडर स्त्रियांना अंगावर वरचे वस्त्र घेण्याची मनाई होती. त्यासाठी त्यांना दीर्घकाळ झगडावे लागले, तेव्हा १८५९ साली वस्त्र घेण्यास मोकळीक देणारी राजाज्ञा निघाली; आणि तीतही उच्चवर्णीय स्त्रियांसारखे वस्त्र घेऊ नये अशी मेख होतीच. पंढरपूरच्या महाद्वारापुढील अडसर तर जन्माचाच होता. १९४७ च्या मे महिन्यात सानेगुरुजींनी तेथे प्राणांतिक उपोषण केले, तेव्हा श्रीविठ्ठलाचे मंदिर सर्वांना खुले झाले. दारावरचा एखादा नियम सौजन्याचा आहे की हीनत्वाचा, हे ओळखण्याची एक सोपी खूण या प्रसंगांतून हाती येते. जो नियम कोणीही आलेला माणूस, एक वस्त्र उसने मागून, दोन मिनिटांत पुरा करू शकतो, तो शिष्टाचार होय. जो नियम कितीही वस्त्रे पांघरली तरी पुरा करता येत नाही, त्याची जात निराळी.

ही खूण महाराष्ट्रातील देवस्थानांनाही लागू पडते. गेल्या काही वर्षांत अनेक मंदिरांपुढे वेषाविषयीचे फलक लागले. २०२३ च्या मे महिन्यात तुळजापूरचा फलक विरोध होताच काढून घेण्यात आला. मुंबईच्या श्रीसिद्धिविनायक मंदिर न्यासाने २०२५ च्या जानेवारीत वेषाचा नियम जाहीर केला. फलक असावा की नसावा यावर मतभेद राहणारच. परंतु दूरच्या गावाहून आलेली महाविद्यालयीन मुलगी, किंवा परदेशात वाढलेला नातू, रांगेत दोन तास उभा राहून दाराशी पोहोचतो आणि चारचौघांत परत पाठविला जातो, तेव्हा त्याच्या मनात देवाविषयी काय उरत असेल, याचा विचार फलक रंगविण्याआधी व्हावयास हवा. क्वालालंपूरजवळच्या बाटू केव्ह्ज येथे श्रीमुरुगनाच्या २७२ पायऱ्या चढण्यापूर्वी, गुडघे उघडे असलेल्या स्त्रियांना पायथ्याशीच वस्त्र भाड्याने मिळते. त्यांना अपराधी ठरवून परत पाठविले जात नाही.

देणगीदारांची दृष्टी सहसा सुवर्णालंकार, अन्नदान आणि भक्तनिवास यांकडे असते, आणि ते योग्यच आहे. महाद्वाराशी घडी करून ठेवलेल्या पन्नास धुवट सुती उपरण्यांना आणि लुंग्यांना कोनशिला नसते. परंतु फलकावरचा ‘प्रवेश नाही’ हा शब्द ज्याला नको असेल, त्या विश्वस्ताला ती पन्नास उपरणी फलकापेक्षा अधिक उपयोगी पडतील.

बाली बेटावर ताम्पाकसिरिंग गावी तीर्त एम्पुल नावाचे पवित्र झऱ्याचे मंदिर आहे; दहाव्या शतकापासून तेथे लोक स्नानाला येतात. दाराशी प्रत्येक पाहुण्याला सारोंग आणि शेला मिळतो. झऱ्याच्या धारांखाली उतरावयाचे असेल तर त्यासाठी आणखी निराळे सारोंग देतात. जर्मन, जपानी, मराठी, सगळेच त्या एकसारख्या वस्त्रात कमरेइतक्या पाण्यात, एका धारेपासून दुसऱ्या धारेपर्यंत, आपली पाळी येण्याची वाट पाहत उभे असतात. पाणी थंडगार असते. बाहेर कितीही ऊन असो, तेथे कोणाला उकडत नाही. स्नान आटोपल्यावर ओले सारोंग पिळून परत करावयाचे आणि पुन्हा आपापल्या कपड्यांत बाहेर पडावयाचे. ते धुऊन वाळत घातले जाते, आणि दुसऱ्या दिवशी आणखी कोणाच्या तरी कमरेला बांधले जाते.